पिवळा हात

माझा हात वर गेला तेव्हा मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतो. मी खिडकीबाहेर बघत होतो. कॅनॉलवरून एक लांबट हिरवी बोट आळसावून चालली होती. तिच्या छपरावर कुंड्यांमधून टोमॅटो लावले होते आणि बोटवाला एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने टोस्ट खात होता. मी मनातल्या मनात त्या बोटीवर चढून, टोमॅटोंना पाणी घालून, पुढच्या वळणापर्यंत पोचलोही होतो. एवढ्यात समोरच्या लॅपटॉपमधून टाळ्या ऐकू आल्या. टाळ्या माझ्यासाठी होत्या.

मी बर्मिंगहॅममधल्या एका कारखान्यात स्प्रिंगा तपासतो. स्प्रिंग दाबायची, सोडायची, ती पुन्हा होती तशी होते का ते बघायचं. हे काम माझ्या स्वभावाला फार मानवतं, कारण दाबणं आणि सोडणं यांच्या मधल्या वेळात खिडकीबाहेर बघता येतं. आमच्या तपासणीच्या खोलीला कारखान्यातली एकुलती एक चांगली खिडकी आहे. तिच्यातून कॅनॉल दिसतो, बदकं दिसतात, पलीकडच्या काठावर विलोची झाडं दिसतात. इतकी वर्षं मी याच देशात काढली, पण मला हा देश खरा दिसला तो या खिडकीतूनच.

तर त्या दिवशी सगळ्या कामगारांची ऑनलाइन मीटिंग होती. विषय होता, युरोपातल्या कामगारांमधली डिजिटल कौशल्यांची दरी बुजवणे. आमचं हेड ऑफिस ब्रसेल्सला आहे, त्यामुळे आमच्याकडे काहीही बुजवायचं झालं तरी ते युरोपाच्या मापाने बुजवतात. दरी म्हटल्यावर मला ती दिसायलाच लागली. धुक्याने भरलेली, खोल. पलीकडच्या कड्यावर तरुण मंडळी लॅपटॉप घेऊन उभी आणि अलीकडे मी, माझा सहकारी कीथ आणि स्टोअर्समधली मोरीन, डबे घेऊन खाली बघतोय. त्या धुक्यातच ऐकू आलं की, आमच्या साइटवरचे पन्नाशीपुढचे लोक लवकरात लवकर ‘डिजिटली रेडी’ झाले नाहीत तर तपासणीचं काम कॅमेऱ्यांवर सोपवून दुसऱ्या देशातल्या प्लँटला हलवण्यात येईल. आम्हाला पॅकिंगला पाठवतील. पॅकिंग तळघरात आहे. तिथे खिडकी नाही.

हे ऐकून मी घाबरलो. घाबरलो म्हणून जास्तच लक्ष देऊन खिडकीबाहेर बघू लागलो, आणि त्या नादात माझं कोपर लॅपटॉपवर कुठेतरी टेकलं असणार.

‘‘ओह, लव्हली!’’ लंडन ऑफिसची मायकेला म्हणाली. ट्रेनिंगचं सगळं तीच बघते. ‘‘साइटचा डिजिटल चॅम्पियन, म्हणजे बाकीच्यांना शिकवणारा, कोण होणार, असं मी विचारायच्या आधीपासूनच भगवानचा हात वर आहे!’’

माझ्या नावाच्या चौकोनात एक पिवळा हात उभा होता. छोटासा, गुबगुबीत, आणि अतिशय उत्साही. मी असा हात शाळेतसुद्धा कधी वर केला नव्हता.

‘‘तुझ्यात हे आहे हे माहीत नव्हतं, मेट,’’ शेजारी बसलेला कीथ म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. आता सांगा, वीस लोकांच्या टाळ्या चालू असताना आपलं कोपर चुकून टेकलं असं कुठला स्वाभिमानी माणूस सांगेल? मी गंभीरपणे मान हलवली. मग हात खाली घेण्याचा प्रयत्न केला. तो खाली येईना. शेवटी मी लॅपटॉपच मिटला, पण आत हात वरच आहे ही जाणीव मला घरी येईपर्यंत सोडत नव्हती.

धम्मशीला, म्हणजे माझी बायको, हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सिस्टर आहे. तिथे पेशंटच्या उशीपासून औषधापर्यंत सगळं कॉम्प्युटरवर असतं आणि ती ते एका हाताने चालवते.

‘‘अहो, हात वर केलात की गेला?’’ सगळं ऐकून तिने भाजी निवडता निवडता विचारलं.

‘‘केला,’’ मी म्हणालो.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ‘बरं’ या शब्दात किती काय मावतं, हे वेगळं सांगायला नको.

कार्डिफला असलेल्या आमच्या ऋचाला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘बाबा, इट्स लिटरली वन बटण! तो हँडवाली बटण परत दाब ना. माझा मीटिंग सुरू होते, बाय, लव्ह यू!’’ एकाच बटणाने वर आणि त्याच बटणाने खाली, हे मला अजिबात पटलं नाही. ज्या दाराने माणूस घसरून पडला त्याच दाराने परत वर कसा येणार?

शेजारचे दीनानाथ मात्र वेळ काढून आले. ते डोंबिवलीचे, बँकेतून रिटायर झालेले, इथे मुलाकडे असतात आणि आलेली प्रत्येक ईमेल छापून फाइलला लावतात. त्यामुळे आमच्या रस्त्यावर डिजिटलमधले जाणकार तेच. ‘‘रामटेके, एक लक्षात ठेवा,’’ खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, ‘‘यात निम्मं काम बॅकग्राउंडचं असतं. मागे भिंत दिसली की माणूस कारकून वाटतो. मागे समुद्र दिसला पाहिजे. समुद्र असला की बोलण्याला आपोआप खोली येते.’’ मला हे मनापासून आवडलं. समुद्राचं नाव काढलं की मी लगेच तिथे असतो.

चॅम्पियन झाल्यावर पहिलं काम पोर्टलवर लॉगइन करण्याचं. पोर्टल उघडायचं तर फोनवर कोड येतो. तपासणीच्या खोलीत फोन न्यायला बंदी आहे, कारण मागे कुणाचा तरी फोन स्प्रिंग दाबायच्या यंत्रात गेला आणि तो काही पुन्हा होता तसा झाला नाही. पोर्टलचा कॉम्प्युटर फक्त तपासणीच्या खोलीत. फोन फक्त कॉरिडॉरच्या टोकाच्या लॉकरमध्ये. मी लॉकरपाशी जाऊन कोड वाचायचा, पाठ म्हणत परत यायचं, वाटेतल्या झरोक्यातून बदकं दिसायची, आणि खोलीत पोचेपर्यंत एकतर कोड मेलेला असायचा नाहीतर आकड्यांत बदकं मिसळलेली असायची. शेवटी मोरीन लॉकरपाशी उभी राहून माझा गुप्त कोड ओरडून सांगू लागली. सगळ्या कारखान्याला तो ऐकू जायचा. सेफ्टी ऑफिसरने हरकत घेतली. हेल्पडेस्कला फोन केला तर ते म्हणाले, लॉगइन होत नसल्याची तक्रार लॉगइन करून नोंदवावी. मी त्यांचे आभार मानले. आभार मानल्यावर काय करायचं ते मात्र सुचलं नाही.

शेवटी पोर्टलशिवायच शिकवणी दुपारच्या चहाच्या सुटीत कँटीनमध्ये सुरू झाली. कीथ, मोरीन आणि पन्नाशीपुढची इतर मंडळी लॅपटॉप उघडून माझ्याकडे बघत बसली. त्यांच्या डोळ्यांत विश्वास होता. आणि मला येत नव्हतं काहीच. मी खिडकीकडे वळलो. कँटीनला खिडकी नाही. भिंतीकडे बघता बघता मला एकदम वाटलं, की ऑनलाइन मीटिंग म्हणजे तरी काय? कुणाच्या तरी घरी जाणंच की नाही? आणि घरी कसं जावं, कसं बसावं, कसं निघावं हे तर मला चांगलं येतं.

‘‘आधी हातात चहा घ्या,’’ मी म्हणालो. ‘‘चहाशिवाय आत यायचं नाही. आत आल्यावर कामाचं एकदम काढायचं नाही. गुडघा कसा आहे, मुलं कुठे असतात, ते विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निघणं.’’

निघण्यावर मी फार वेळ बोललो. आमच्याकडे पाहुणा उठला म्हणजे निघाला असं नसतं. तो सोफ्यावरून उठतो, मग खोलीच्या मध्ये उभा राहून बोलतो. मग दारात चपला घालताना बोलतो. मग फाटकापाशी बोलतो. आणि ज्या कामासाठी माणूस आलेला असतो ते एका पायात चप्पल घातल्यावरच बाहेर पडतं. आणि जातो म्हणायचं नाही. येतो म्हणायचं.

‘‘म्हणजे ‘लीव्ह’चं लाल बटण आधी कोण दाबणार?’’ कीथने विचारलं.

‘‘पाहुणा. पण घरच्यांनी दोनतीनदा थांबवल्यावर.’’

‘‘आणि घरचा माणूस?’’

‘‘त्याने दाबायचंच नाही. पाहुणा वळणापाशी दिसेनासा होईपर्यंत हात वर करून उभं राहायचं.’’

कीथने हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. इंग्रज माणसाला नियम आहे म्हटलं की तो पाळतो, कारण विचारत नाही. आणि खरं सांगतो, त्या रेंगाळण्यात मंडळी आपोआप शिकू लागली. आपल्या मळ्यातल्या दोडक्यासारख्या मोठ्या कूर्जेटचे फोटो सगळ्यांना दाखवायचे म्हणून मोरीन स्क्रीन शेअर करायला शिकली. कीथ आवाज बंद-चालू करायला शिकला, कारण मागे कँटीनमधल्या ताटांचा खडखडाट व्हायचा. मी काही शिकवलं नव्हतं. मी फक्त कुणाला निघू देत नव्हतो.

आणि मग परीक्षेचा दिवस आला. मी एक पूर्ण सत्र घ्यायचं, सगळ्यांनी आपापल्या घरून यायचं, आणि ब्रसेल्सचे एक साहेब ते बघणार. त्यांच्या मतावर खिडकी राहणार की जाणार ते ठरणार होतं.

दीनानाथांनी स्वतः येऊन समुद्र लावला. निळा, शांत, एका बाजूला वाकलेला माड. मी खुर्चीत बसलो आणि विरघळू लागलो. आधी एक कान गेला. मग खांदा. मान हलवली की डोक्याचा वरचा भाग लाटांत मिसळायचा. सॉफ्टवेअरला मी माणूस आहे याची खात्रीच पटेना. गंमत म्हणजे माझ्या मागच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो मात्र त्याने ओळखला. समुद्राच्या वर, निळ्या आकाशात, बाबासाहेबांचा चेहरा स्वच्छ दिसत होता आणि खाली मी अर्धामुर्धा तरंगत होतो.

‘‘बरोबर आहे,’’ दारातून बघत धम्मशीला म्हणाली. ‘‘कोण शिकलेलं आहे ते कळतं त्याला.’’

सत्र सुरू झालं. ब्रसेल्सचे साहेब एका पांढऱ्या भिंतीसमोर बसले होते. दीनानाथांच्या हिशेबाने कारकून. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात समुद्रातून एक बांगड्या घातलेला हात वर आला. त्या हातात चहाचा कप होता. हाताने कप माझ्या विरघळलेल्या खांद्यापाशी ठेवला आणि तो पुन्हा पाण्यात गेला.

‘‘हाऊ लव्हली,’’ मोरीन म्हणाली. ‘‘कुणाचा हात होता तो?’’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मी घाईघाईने पुढच्या भागाकडे वळलो आणि तयार करून ठेवलेली चित्रं दाखवण्यासाठी स्क्रीन शेअर केली. चित्रं नाही आली. आले ते गेल्या काही दिवसांत मी इंटरनेटला विचारलेले प्रश्न. एकाखाली एक, ठळक अक्षरांत. हात खाली कसा घ्यावा. हात अजून वर आहे. लॅपटॉप मिटला तरी ऑफिसला हात दिसतो का. बदकांना टोमॅटो चालतात का. चॅम्पियनपद परत कसं करावं.

समुद्र होता, त्यामुळे माझ्या चेहऱ्याचा बराच भाग दिसत नव्हता, आणि तेवढ्याचसाठी मला दीनानाथांचे पाय धरावेसे वाटले. इतक्या वर्षांत एक वाकडी स्प्रिंग माझ्या हातून सुटली नाही आणि आज सगळ्या युरोपासमोर माझीच अशी तपासणी व्हावी, याचं मला फार वाईट वाटलं.

मग कीथ खाकरला. ‘‘टू बी फेअर,’’ तो म्हणाला, ‘‘ते हाताचं मलाही विचारायचंच होतं.’’

‘‘मलाही,’’ मोरीन म्हणाली. आणि मग सगळ्या चौकोनांतून तेच आलं. मी म्हणालो, ठीक आहे, करा वर. सगळे पिवळे हात वर गेले. आता तेच बटण पुन्हा दाबा. ऋचा बरोबर होती. कॅनॉलवर बदकं उतरावीत तसे हात एकेक करून खाली आले. माझासुद्धा आला. तो खाली आलेला मी स्वतः पाहिला आणि माझा जीव हलका झाला.

ठरलेला वेळ संपला. साहेब ‘थँक यू’ म्हणाले आणि नाहीसे झाले. एवढा मोठा माणूस, पण निघताना मागे वळूनही बघितलं नाही.

बाकी कुणी हललं नाही. कसं हलणार? मी घरचा, म्हणून बटण दाबायचं नाही. ते पाहुणे, म्हणून थांबवल्याशिवाय निघायचं नाही. मोरीनने नवऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं काढलं. ते ऐकून धम्मशीला मेथीची जुडी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली आणि समुद्राकाठी मेथी निवडत कुठले व्यायाम करायचे ते सांगू लागली. दीनानाथांनी डोकं आत घालून बँकेतल्या दिवसांची एक हकीकत सांगितली. ती कुणाला कळली नाही, पण सगळे हसले. बाहेर ऊन कलत होतं. मला वाटत होतं की मी आता त्या हिरव्या बोटीवरच आहे आणि ही सगळी माणसं काठाकाठाने बरोबर चालली आहेत.

बऱ्याच वेळाने कीथ म्हणाला, ‘‘मी एका पायात बूट घातलाय असं समजा.’’ मग तो म्हणाला, ‘‘मला तळघरात नाही जायचं, भगवान. घरी बायको गेल्यापासून आवाज नसतो. दिवसभरात खिडकीबाहेर काहीतरी हलताना दिसतं, ते तेवढंच.’’

इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर बसलो. मला वाटायचं, त्या खिडकीतून फक्त मीच बघतो. ‘‘बस रे अजून थोडा,’’ एवढंच म्हणालो. तो बसला.

मग एकेक जण निघाला. सगळे नीट ‘येटो’ म्हणाले. कीथ दोनदा म्हणाला. मी प्रत्येकाला चौकोन विझेपर्यंत हात केला. शेवटी एकच काळा चौकोन उरला. त्यावर नाव होतं मायकेला.

ती पहिल्यापासून तिथे होती. मेथी, गुडघा, बँक, सगळं तिने ऐकलं होतं. तिने कॅमेरा सुरू केला.

‘‘सिस्टिमने मला मेसेज पाठवलाय,’’ ती म्हणाली. ‘‘बाकीच्या सगळ्या साइट्सवर लोक सत्र संपायच्या आधीच निघून जातात. लोक किती टिकतात, हेच हेड ऑफिस मोजतं. तुमचे संपल्यावरही निघेनात. सिस्टिम विचारतेय, मीटिंग बंद करायची विसरून गेलात का?’’

‘‘मग तुम्ही काय सांगितलं?’’

‘‘नाही म्हणून.’’

मग ती एकेक शब्द जुळवत बोलू लागली, आणि ती मराठीत बोलत होती. ‘‘माझी रिवका आजी लंडनमध्ये, एजवेअरला राहायची. मुंबईची. आम्ही ज्यू, पण आजी घरात मराठी. तिच्या दारात पण असंच. आम्ही कारमध्ये बसलो, डॅडने इंजिन सुरू केलं, तरी आजी खिडकीतून बोलते. मला खूप राग यायची.’’ ती हसली, पण डोळे पुसत होती. ‘‘ती गेल्यापासून मला कोणी दारात थांबवलं नाही. म्हणून मी पण नाही निघाले.’’

धम्मशीलाने मेथी बाजूला ठेवली. ‘‘जेवलीस का गं?’’ तिने विचारलं.

‘‘खिडकी?’’ मी हळूच विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

‘‘राहणार. सिस्टिमचा तो मेसेज साहेबांनाही गेला आणि त्यांचं लगेच उत्तर आलं, त्यांना तुमची मेथड हवी आहे. सगळ्या साइट्सना तुम्हीच शिकवायचं, सगळ्या युरोपला.’’ मला समोर पुन्हा ती दरी दिसली, आणि पलीकडच्या कड्यावरची तरुण मंडळी हातात चहा घेऊन वाट बघत उभी होती. मी होही म्हणालो नाही आणि नाहीही.

‘‘आता येते हं, काका,’’ ती म्हणाली. ‘‘एवढं एक आजीने नीट शिकवलं.’’

‘‘अगं, बस ना जरा,’’ मी म्हणालो. धम्मशीलाही म्हणाली. ती बसली. मग पुन्हा उठली, आणि पुन्हा म्हणाली, येते.

तेव्हा मी बटण शोधलं. पहिल्याच झटक्यात सापडलं. समुद्रावर, माझ्या अर्ध्या चेहऱ्याशेजारी, तो पिवळा हात उभा राहिला, आणि तिचा चौकोन दिसेनासा होईपर्यंत मी तो खाली घेतला नाही.